बुरणूचे अकरा महिने

कुत्रा आजारी आहे म्हटलं की लोक "अरेरे" म्हणतात. त्याला कॅन्सर झालाय म्हटलं की गप्प होतात. आणि आम्ही त्याला केमो देतोय म्हटलं की काही जण हसू दाबतात, काही जण खर्च विचारतात. बेळगावच्या शहापुरात राहून मागच्या वर्षी मी हे तिन्ही प्रकार भरपूर पाहिले. कुणावर राग नाही. कुत्र्यालाही केमो देतात हे त्याआधी मला तरी कुठं ठाऊक होतं? पण त्या अकरा महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवावं असं वाटतं, कारण हल्ली घरोघरी मुक्या जिवांना माया लागलेली आहे आणि हा प्रसंग आज ना उद्या कुणावरही येऊ शकतो.

ब्रुनो हे नाव मुलानं ठेवलं होतं. पिल्लू आणलं, नाव ठेवलं आणि दोन वर्षांत हा शिकायला बंगळूरला गेला. कुत्रा आमच्याकडे राहिला. सासूबाईंच्या जिभेवर ब्रुनो काही बसेना, त्यांनी त्याचा बुरणू केला आणि मग तेच नाव चाललं. पिवळसर लॅब्राडोर, आठ वर्षांचा, वजन चौतीस किलो. सासूबाई पहाटे जपाला बसल्या की हा त्यांच्या पाटाशेजारी येऊन पसरायचा. देवघराच्या उंबऱ्याच्या आत मात्र कधी पाऊल टाकलं नाही. त्याला तसं कुणी शिकवलंही नव्हतं.

जूनमध्ये तो उजव्या पुढच्या पायानं लंगडायला लागला. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा लंगडणं सुरू. मनगटाच्या थोडं वर सूज आली. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर बराच वेळ फिल्म उजेडाकडे धरून उभे राहिले. हाड आतून पोखरल्यासारखं दिसत होतं. नमुना तपासून आला: ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. मोठ्या, वजनदार जातींच्या कुत्र्यांना हा जास्त होतो, आणि पुढच्या पायात, मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ होण्याचं प्रमाण जास्त.

पुण्याच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी काही लपवलं नाही. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या, आणि माझ्या मते प्रत्येक घरानं त्या तशाच वेगळ्या समजून घ्यायला हव्यात. पहिली गोष्ट वेदनेची. असं पोखरलेलं हाड सतत ठणकतं, साध्या उडीनंही मोडू शकतं आणि मोडलं तर जुळत नाही. पाय काढला की ते दुखणं गेलं. म्हणजे पाय काढणं हे मुळात वेदनेवरचं औषध. दुसरी गोष्ट आयुष्याची. या आजारात, एक्स-रेमध्ये छाती स्वच्छ दिसली तरी दहापैकी नऊ कुत्र्यांत आजाराचे सूक्ष्म कण आधीच पसरलेले असतात, बहुतेक करून फुप्फुसात. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात. त्यावर केमो दिली तर दहा-बारा महिन्यांपर्यंत जातं. काही थोडी कुत्री दोन वर्षंही काढतात. बरा होईल, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

आणि तिसरा मार्गही त्यांनी सांगितला. काहीच न करता, दुखणं असह्य होण्याआधी इंजेक्शन देऊन त्याला निजवणं.

परतीच्या वाटेवर निपाणीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. हे म्हणाले, "माणसाला विचारून पाय काढतात. याला कुणी विचारलं?" मला तो प्रश्न तेव्हा टोचला. पुढं सगळे महिने तोच एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी समोर येत राहिला, हे आता कळतं.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. वय एकोणऐंशी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय काढल्यावर त्याचं दुखणं जाईल न्हवं?" जाईल म्हटलं. "मग काढूदे की. पाय काय जिवापेक्षा मोठा हाय?" इंजेक्शनाचं मी बोललेच नाही, तरी त्यांना समजलं असावं. "आणि ते दुसरं काय असंल ते आपल्या घरात नको," एवढंच म्हणाल्या.

पैशांचं सांगून टाकते, कारण सगळे विचारतात. शस्त्रक्रिया, केमोचे पाच डोस, रक्ततपासण्या आणि पुण्याच्या फेऱ्या धरून लाखाच्या वर गेले. माझ्या भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला होता. त्या पैशांतून पाटल्या मोडून नव्या घडणावळीच्या करायच्या होत्या. "एवढ्या पैशांत एखाद्या गरिबाच्या मुलाची फी भरली असती," असं एक बाई मंदिराच्या पायरीवर म्हणाल्या. खरं आहे. पण पाटल्यांच्या वेळी हा हिशेब कुणी काढला नसता.

पाय काढताना नुसता खालचा भाग ठेवत नाहीत, खांद्याच्या फऱ्यासकट पूर्ण काढतात. अर्धवट उरलेला पाय फरशीवर घासत राहतो आणि जखमा होतात. कुत्र्याच्या अंगाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणून पुढचा पाय गेलेल्याला जरा जास्त शिकावं लागतं. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा एका बाजूचे केस काढलेले, टाक्यांची लांब रेघ, डोळे औषधानं जड. मी रडले. तो मात्र शेपटी हलवत दारातल्या कुंडीकडे चालला आणि तोंडावर पडला. उठला, पुन्हा चालला.

आमच्या सोप्यातल्या टाइल्स गुळगुळीत. त्यावर तो घसरायचा. मग जुन्या सतरंज्या, गोणपाट, मुलाची योगाची रबरी चटई असं सगळं अंथरून देवघरापासून मागच्या दारापर्यंत त्याची वाट केली. सासूबाईंनी आपलं जुनं इरकली लुगडं काढून दिलं. त्याची चौपदरी पट्टी छातीखालून घेऊन वर धरायची आणि त्याच्याबरोबर चालायचं. दहा-बारा दिवस मी तशी त्याच्याबरोबर अंगणात फिरले. दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि त्याच आठवड्यात एका सकाळी तो पट्टीची वाट न बघता पेपरवाल्याच्या मागं तीन पायांवर उड्या मारत फाटकापर्यंत गेला. पाय गेल्याचं दुःख आम्हीच कुरवाळत बसलो होतो. त्याच्या लेखी ठणका थांबला होता, एवढंच.

नंतर केमो. औषधाचं नाव कार्बोप्लॅटिन, माणसांना देतात तेच. दर तीन आठवड्यांनी एकदा, शिरेतून सलाईनसारखं. पहिला डोस पुण्यात दिला, पुढचे त्यांच्या सल्ल्यानं इथल्याच डॉक्टरांनी. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासायचं आणि साधारण दहाव्या दिवशी पुन्हा, कारण त्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि तेव्हा जंतूंची बाधा लवकर होते. ताप आला, सुस्त पडला तर रात्र असली तरी फोन करायचा, असं बजावलेलं. दुसऱ्या डोसनंतर पेशी इतक्या उतरल्या की तिसरा डोस आठवडाभर लांबवला.

एक गोष्ट डॉक्टरांनी नीट समजावली. माणसात केमो देतात ती आजार मुळापासून काढायच्या आशेनं, म्हणून सोसेल तिथपर्यंत जोर लावतात. कुत्र्यात हेतू असतो उरलेले दिवस बरे जावेत हा. म्हणून मात्रा बेतानं देतात आणि बहुतेक कुत्र्यांना त्रास त्या मानानं कमी होतो. केसही सहसा जात नाहीत. बुरणूच्या फक्त मिशा गळाल्या.

त्याच वेळी लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. हे औषध लघवीतून बाहेर पडतं, म्हणून डोसनंतरचे तीन-चार दिवस त्याची लघवी, ओकारी हातमोजे घालूनच साफ करायची आणि गरोदर बाईनं तिच्या जवळपास जायचं नाही, अशी सक्त सूचना. मग लेकीचा मुक्काम वर माडीवर. परसात एका कोपऱ्यात बुरणूची जागा ठरवली, तिथं पाणी ओतायची बादली वेगळी, फडकी वेगळी, ती फडकी पिशवीत बांधून टाकायची. लेक माडीच्या कठड्यावरून त्याला हाक मारायची, तो खालून मान वर करून बघत राहायचा. चार दिवसांनी दोघांची भेट. एकाच घरात एकीचं बाळंतपण आणि एकाची केमो, दोन्हींचं पथ्य सांभाळताना माझी किती तारांबळ उडाली असेल याची बायकांना तरी कल्पना येईल.

माझ्या थोरल्या नणंदेला सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. देवाच्या कृपेनं आता बरी आहे, पण केमोचा विषय ती घरात काढू देत नाही. मी तिला काही कळवलं नव्हतं. तिसऱ्या डोसच्या दिवशी ती आपणहून आली आणि दवाखान्यात त्याच्या डोक्यावर हात ठेवून तासभर बसली. सलाईनचे थेंब बघत होती. बुरणू तिच्या मांडीवर तोंड टेकून घोरत होता. मी म्हटलं, "वन्सं, तुम्हाला त्रास होत असेल, घरी जा." ती म्हणाली, "ह्याचं बरं आहे गं. सुई टोचली तेवढं दुखलं, झालं. मला औषधापेक्षा रात्रीचं झोपताना मोजणं जास्त त्रास द्यायचं. किती राहिले, मुलीचं लग्न बघेन का. ह्याला कुणी दिवस मोजून दिले नाहीत." मग थोड्या वेळानं, "तुम्ही पण त्याच्यासमोर मोजू नका."

त्या दिवसापासून मी रडायचं परसात उरकून मग घरात यायला लागले.

आता खाण्याचं. आमचं घर पूर्ण शाकाहारी, सूर्यास्तानंतर चूल नाही. बुरणूही पहिल्यापासून भाकरी, दूधभात, वरण, पनीर आणि शाकाहारी तयार खाद्य यांवर वाढलेला. कुत्रा तसा सर्वभक्षी, नीट आखलं तर चालतं. पण दुसऱ्या डोसनंतर त्याला मळमळायला लागलं. ओकारीवरचं औषध चालू होतं तरी वाटीला तोंड लावेना. अन्न कोमट करून वास उठवला, हातानं भरवलं, दह्यात कालवलं. आठवड्यात दीड किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, "उकडलेलं अंडं खाईल का बघा. त्याला प्रथिनं हवीत आणि वास हवा."

हे घरी कसं सांगायचं? शेजारच्या वैनी मराठ्यांच्या. त्यांनी कुंपणावरून ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात नको, माझ्या अंगणात पाठवा. माझ्या ताटलीत देते." मी सासूबाईंना विचारायला गेले. मनात तयारी केली होती नकाराची. त्या जपमाळ बाजूला ठेवून बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "व्रत आपण घेतलंय. त्यानं कधी घेतलं गं? आपल्या पुण्यासाठी त्याला उपाशी मारायचं व्हय? मी हातानं देणार नाही, घरात आणू देणार नाही. पण तो त्या अंगणात गेला तर मी दार लावून बसणार नाही."

दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजानं चालवलेलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे, पुष्कळ जणी पाहून आल्या असतील. मांसाहारी पक्ष्यांना तिथं शाकाहारी पक्ष्यांसारखं भरती करून घेत नाहीत, पण मलमपट्टी नाकारतही नाहीत, बाहेरच्या बाहेर करतात. सासूबाईंनी दिल्ली पाहिलेली नाही. तरी त्यांनी काढलेली वाट तीच. काहींना हे पटणार नाही, मला माहीत आहे. आमच्याच घरात ह्यांना पटलं नव्हतं. रोज सकाळी बुरणू तीन पायांवर कुंपणाच्या फटीतून जायचा आणि जिभल्या चाटत परत यायचा. पंधरा दिवसांत वजन भरलं, मळमळ थांबली, आणि मग तो आपणच भाकरीवर आला.

तिसरा डोस लांबला तो नेमका दशलक्षण पर्वात आला. दहा दिवस माझं प्रवचनाला जाणं झालं नाही. कुणीतरी सासूबाईंना मंदिरात टोकलं, "सून कुत्र्यापायी धर्म विसरली की काय?" त्यांनी तिथंच उत्तर दिलं, हे मला दुसऱ्याच बाईकडून कळलं. "सहा अंतरंग तपं आहेत. त्यातलं एक वैयावृत्त्य. ती ते करतीया."

वैयावृत्त्य म्हणजे थकलेल्याची, आजाऱ्याची सेवा. शास्त्रात ते मुनिजनांच्या सेवेसाठी सांगितलं आहे, कुत्र्यासाठी नाही, हे सासूबाईंनाही ठाऊक होतं. पण तप म्हणजे काय ते मला त्या दिवसांत उमगलं. रात्री दोनला उठून ओकारी पुसताना मनात पुण्याचा विचार नसतो, झोपेचा असतो. तरी उठायचं. सेवेतलं तप बहुधा तिथंच असतं.

"ज्याचं त्याचं कर्म, आपण कशाला मध्ये पडायचं?" असंही ऐकलं. मला हे कधी पटलं नाही. जीवंधर कुमाराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. लोकांनी मारून अर्धमेल्या केलेल्या कुत्र्याजवळ तो राजपुत्र बसला आणि त्याच्या कानात त्यानं णमोकार म्हटला. ते त्याचं कर्म आहे, असं म्हणून तो पुढं निघून गेला नाही. आणि समंतभद्राचार्यांनी तर श्रावकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात सांगितलंच आहे की धर्मानं कुत्राही देव होतो आणि पापानं देवही कुत्रा होतो. मग कुणाला हलकं म्हणायचं?

ऑक्टोबरमध्ये पाचवा डोस संपला. त्याच महिन्यात नात झाली. पुढचे सात महिने फार चांगले गेले. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की रोज रात्री कॅलेंडरवर खूण करा: खाल्लं, आपणहून उठला, शेपटी हलवली, तर दिवस चांगला, नाहीतर फुली. कारण मन सवयीनं फसतं, आजचं वाईट उद्या नेहमीचं वाटायला लागतं. केमोच्या महिन्यांत मिळून चोवीस फुल्या होत्या. नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत तीन.

मे संपता संपता खोकला लागला. एक्स-रेमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले. कॅलेंडरवर फुल्या वाढल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात सलग पाच. हे म्हणाले, "आता त्याला सोडवूया." सासूबाई म्हणाल्या, "सोडवणारे आपण कोण?" डॉक्टरांनी दोघांचंही ऐकून घेतलं. वेदनेवर आणि श्वासावर औषधं लिहून दिली, घरी कशी द्यायची ते शिकवलं, आणि मला म्हणाले, "श्वासासाठी धडपडायला लागला तर मात्र मला बोलवा. तेव्हा ठरवावं लागेल."

आपल्यात सल्लेखना आहे, पण ती ज्याची त्यानं समजून उमजून घ्यायची. दुसऱ्यानं कुणाला देता येत नाही. बुरणूनं अन्न सोडलं तेव्हा एक नातेवाईक भक्तिभावानं म्हणाल्या, "बघा, त्यानं त्याग केला." सासूबाईंनी मान हलवली. "त्याला जात नाही गं. त्याग वेगळा, न जाणं वेगळं."

तो गेला तिसऱ्या रात्री, पहाटेच्या सुमारास, धडपड न होता. सासूबाई कानाशी णमोकार म्हणत होत्या, ह्यांचा हात त्याच्या पाठीवर होता. ठरवायची वेळ आली नाही. आणखी दोन दिवस गेले असते आणि त्याचा जीव श्वासासाठी तळमळला असता, तर मी काय म्हटलं असतं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या घरांनी इंजेक्शन दिलं त्यांना मी निर्दय म्हणत नाही, आणि ज्यांनी दिलं नाही त्यांना हट्टी म्हणत नाही. मुक्या जिवाच्या वतीनं ठरवायचं म्हणजे काय ओझं असतं ते दोघांनीही उचललेलं असतं.

आता कुणाकुणाकडून माझा नंबर घेऊन बायका फोन करतात. कुणाची मांजर, कुणाचा कुत्रा. केमो द्यावी का, विचारतात. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. मग सांगते: मोठा कुत्रा दोन आठवडे लंगडत असेल तर एक्स-रे काढा. माणसांची दुखण्याची गोळी त्याला देऊ नका, ती त्याला विष होऊ शकते. औषधानं बरा होणार का हे विचाराच, पण दुखणं थांबणार का हे त्याआधी विचारा. तुमचं व्रत, तुमची भीती, तुमचे पैसे आणि त्याचा आजचा दिवस या चार गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. आणि कालनिर्णय भिंतीवरून खाली काढून हाताशी ठेवा, पेन्सिल बांधून. रोज रात्री त्याच्याकडे बघून एक खूण करा. तो बोलत नाही, हे खरं आहे. पण महिनाभर रोज बघितलं की त्याचं म्हणणं त्या चौकोनांत वाचता येतं.